मावशीचा डबा, दादाच्या रेकॉर्ड्स

आमच्या घरी अनारशाला तीळ लावतात.

हो, तीळ. पुण्यातली कुठलीही काकू हे ऐकून कपाळावर हात मारेल, माहितीये मला. अनारसा खसखशीवर थापायचा, खसखशीची बाजू वर ठेवून तळायचा, उलटायचा नाही, हे मलासुद्धा पाठ आहे आणि मला अजून चहाही धड जमत नाही. पण आम्ही दुबईवाले. आणि इथे खसखस म्हणजे ड्रग्ज. जोक नाही करत. ती अफूच्या बोंडातून येते ना, त्यामुळे कायद्यात ती सरळ अफूच्या शेजारी बसलेली. बॅगेत पुडी सापडली तर ‘सर, रश्श्यात घालतो आम्ही’ वगैरे कोणी ऐकून घेत नाही. मी लहान असल्यापासून आईचे एअरपोर्टचे नियम ठरलेले: अनोळखी माणसाची बॅग धरायची नाही, कोणी खाऊ दिला तर घ्यायचा नाही, आणि तो शब्द तोंडातून काढायचा नाही.

पण मला सांगायचंय ते हाउस म्युझिकबद्दल. थांबा, पळू नका! दोन्ही एकाच बॅगेतली गोष्ट आहे.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. दुबईच्या करामा भागातला आमचा टू बेडरूमचा फ्लॅट, त्यातली एक रूम आम्हा दोघांची, मधे कपाट आडवं लावून केलेलं पार्टिशन. गुरुवारी संध्याकाळी, म्हणजे आमचा वीकेंड सुरू झाला की, तो कपाटापलीकडे एफएम लावायचा. एक इंग्लिश शो होता, त्यात गाणी नुसती वाजायची नाहीत, एकातून दुसरं निघायचं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं रेडिओ बिघडलाय, कारण एकच गाणं तासभर संपतच नव्हतं. धप धप धप धप. मी ओरडले, “दादा, इट्स स्टक!” तो इतका हसला की कपाट हललं.

मग त्याने मला गोष्ट सांगितली. ती मला इतकी आवडली की नंतर मी ती दर वेळी पहिल्यापासून सांगायला लावायचे.

“शिकागोत एक गोडाउन होतं,” तो सुरू करायचा.

“अल कूझसारखं?”

“सेम. इंडस्ट्रियल एरिया, संध्याकाळनंतर चिटपाखरू नाही. तिथे क्लब निघाला. आणि तिथे यायचं कोण, तर ज्यांना बाकी ठिकाणी दारातूनच परत पाठवायचे ते. काळे लोक. आणि...” इथे तो दाराकडे बघून आवाज खाली आणायचा, “गे मुलं.”

मीपण दाराकडे बघायचे. आमच्याकडे हा शब्दही खसखशीच्याच यादीतला.

“मग बाहेर लोकांना डिस्कोचा राग यायला लागला. इतका की एका स्टेडियममध्ये रेकॉर्ड्सचा ढीग केला आणि उडवला. लिटरली स्फोट.”

“रेकॉर्ड्सनी काय केलं होतं?”

“रेकॉर्ड्सनी काही नाही गं. त्या कोणाच्या होत्या ते बघ ना. मग नवीन डिस्को यायचंच कमी झालं. तर गोडाउनमधला डीजे जुन्याच रेकॉर्ड्स कापून-जोडून लांबवायला लागला, खाली ड्रम मशीनचा ठोका. ते मशीनपण कसलं, तर खोटा आवाज येतो म्हणून लोकांनी सेकंडहँडमध्ये काढून टाकलेलं. गरीब पोरांना स्वस्तात मिळालं. मग लोक रेकॉर्डच्या दुकानात जाऊन विचारायला लागले, त्या वेअरहाउसमध्ये वाजतं ते आहे का? बोलता बोलता पुढचं ‘वेअर’ गळलं, हाउस राहिलं.”

एवढ्यात आई बाहेरून: “हाउस म्युझिक आहे ना? मग हाउसमध्येच राहू दे, अख्ख्या बिल्डिंगला नको!”

शिकागोहून ते इंग्लंडला गेलं, तिथून स्पेनच्या बेटांवर, गोव्याच्या बीचवर, आणि इंग्लिश लोक नोकरीला दुबईत आले त्यांच्या सामानातून आमच्या हॉटेलांमध्ये. दादाचं म्हणणं, आपल्याला कळतही नाही इतकं ते आत शिरलंय. एकदा नवरात्रात ऊद मेथा भागातल्या शाळेच्या हॉलमध्ये दांडिया होता. जुन्या हिंदी गाण्याचा रिमिक्स लागला आणि सगळे काका-काकू गोल फिरायला लागले. दादाने मला कोपऱ्यात ओढलं. “खालचा ठोका ऐक. फक्त खालचा.” मी ऐकला. धप धप धप धप. शिकागोचं गोडाउन! आणि त्यावर आमचे बाबा टिपऱ्या घेऊन.

तेच बाबा, ज्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: “डीजे म्हणजे ड्रग्ज.”

ते वाक्य सुरू झालं रेकॉर्ड्स घरात आल्यापासून. इथे कोणी कायमचं परत निघालं की सुपरमार्केटच्या बोर्डावर चिठ्ठी लावतं, अमुक विकणे आहे. सोफा, फ्रिज, मुलांची सायकल. सतवा भागातला एक इंग्लिश माणूस असाच निघाला होता, त्याच्याकडून दादाने दोन टर्नटेबल आणि एक पेटीभर हाउसच्या रेकॉर्ड्स आणल्या. ट्यूशन्स घेऊन साठवलेले पैसे होते त्याचे. बाबांनी लगेच हिशोब केला, “तीनशे दिरहम! चार हजार रुपये होतात. चार हजारांचं दळण आणलंय पोराने.”

पण बाबांना पैशांचा राग नव्हता, भीती होती. इथे वाढलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही ही भीती. बाबांचा व्हिसा कंपनीवर, आणि आमचे तिघांचे बाबांवर. एका खिळ्याला चार शर्ट. त्यातल्या एकाला जरी डाग लागला तरी खिळाच उपटतात. शाळा, घर, मैत्रिणी, सगळं खलास, यल्ला, घरी जा. हे मी बघितलेलं होतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीचा बेंच एका रविवारी रिकामा होता आणि कोणी काही बोललंच नाही.

दादा बारावीनंतर पुण्याला इंजिनीअरिंगला गेला, मावशीकडे राहायला. मावशी म्हणजे आईची मोठी बहीण. रेकॉर्ड्सही हळूहळू सगळ्या त्याच्याबरोबर गेल्या, कॉलेजच्या प्रोग्रॅम्समध्ये वाजवायचा; टर्नटेबल तेवढी इथेच राहिली. व्हिसा जिवंत ठेवायला सहा महिन्यांच्या आत एकदा तरी इथे यावंच लागतं, त्यामुळे दिवाळीला तो यायचाच. त्या वर्षी तो रेकॉर्ड्स परत घेऊन येणार होता. त्याच्या शाळेतला एक मित्र हॉटेलांना साउंड सिस्टिम भाड्याने देणाऱ्याकडे कामाला होता, त्याने मरीनाजवळच्या एका हॉटेलच्या टेरेसवर पहिला तास मिळवून दिला होता. पहिला तास म्हणजे लोक यायच्या आधीचा, पण तरी! रमझान लागायच्या आधीचा शेवटचा गुरुवार. त्यानंतर महिनाभर म्युझिक बंद. आई-बाबांना एवढंच माहीत होतं की मुलगा दिवाळीला येतोय.

तो यायचा त्या दिवशी मी शाळेतून आले तर आई फोनवर. इंटरनॅशनल कार्ड घासून मावशीला लावलेला. मावशीचा आवाज असा की स्पीकर लागत नाही.

“पहाटेच निघाला गं मुंबईला. मुंबईतला एक मित्र येणार होता एअरपोर्टवर सोडायला. अनारसे दिलेत, डबा टेपने गच्च बांधलाय.”

“कशाला त्रास घेतलास ताई?”

“त्रास कसला? आणि ऐक, डब्यातच बाजूला पावशेर खसखस घातलीय. तू म्हणतेस ना, तिकडे मिळत नाही म्हणून. किती वर्षं तिळावर भागवशील बाई!”

आईने फोन ठेवला. बोलणं संपवून नाही. नुसता ठेवला, जसा गरम तवा हातातून सुटतो.

आणि मला त्याच क्षणी कळलं काय झालंय ते. आई सगळ्यांना ‘इथे मिळत नाही’ असंच सांगायची. ‘इथे बंदी आहे’ असं कधीच नाही. एक तर फोनवर तो विषय नको, कोण ऐकत असेल काय माहीत. आणि दुसरं, पुण्यातल्या लोकांनी म्हणू नये, कसल्या देशात राहता गं. म्हणून ‘मिळत नाही’. आणि मिळत नाही म्हटल्यावर मराठी बहीण काय करणार? पाठवणार.

मी घड्याळाकडे बघितलं. दादाचं विमान उडालेलं होतं.

“शी सेड इट ऑन द फोन,” मी म्हणाले. काहीतरी बोलायचं म्हणून.

“गप्प बस,” आई म्हणाली, आणि बाबांना ऑफिसमध्ये फोन लावला. “घरी या. नाही, फोनवर नाही. या तुम्ही.”

बाबा आले ते पांढरेफटक. त्यांना वाटलं इंडियात कोणी गेलं. आईने बाथरूममध्ये नेऊन, नळ सोडून, त्यांच्या कानात सांगितलं. खरंच नळ सोडून! मी दारात उभी होते. बाबांचा पहिला प्रश्न, “फोनवर म्हणाली? शब्द उच्चारला?” आणि मग ते टबच्या कडेवर बसले. मी बाबांना कधी टबच्या कडेवर बसलेलं बघितलं नव्हतं.

एअरपोर्टला जाताना गाडीत नुसती भांडणं.

“एअरलाइनच्या काउंटरला सांगू या,” आई. “आधीच सांगितलं तर समजून घेतील. बायकांच्या चुका होतात म्हणावं.”

“काय सांगणार? माझ्या मुलाच्या बॅगेत ते आहे, जरा बघून घ्या?”

“मग काय करायचं?”

“बघणारच नाहीत कदाचित. रोज किती लोक येतात. साधा स्टुडंट आहे. सरळ कपडे, सरळ बॅग, कशाला अडवतील त्याला?”

मी मागे बसून गार पडले. कारण मला माहीत होतं की त्याच्याबरोबर रेकॉर्ड्सची पेटी आहे, गळ्यात ते परातीएवढे हेडफोन आहेत, आणि केस मानेपर्यंत वाढलेत. एअरपोर्टवर ज्याला नक्की अडवतील असा मुलगा काढा म्हटलं तर तो दादा.

सांगितलं मी. सांगावंच लागलं. बाबांनी गाडी साइडला घेतली, इंडिकेटर लावला, आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. कोणी हॉर्न दिला तरी उठले नाहीत.

मग मला सुचलं, मेसेज! दादाचं इथलं प्रीपेड कार्ड होतं, तो उतरला की ते फोनमध्ये घालायचा. मी बाबांचा मोबाइल घेतला आणि माझी बोटं सुसाट. पाठवून टाकला आणि मग आईला वाचून दाखवला: “मावशीने दिलेलं पांढरं लगेच फेकून दे. कोणाला दाखवू नकोस.”

“पांढरं?” बाबा मागे वळले. “पांढरं लिहिलंस तू?”

“बट आय डिडन्ट राइट द वर्ड! तुम्हीच म्हणता ना तो शब्द नको!”

“अगं, हे पोलिसाने वाचलं तर काय समजेल तो? पांढरं फेकून दे! त्यापेक्षा खसखस परवडली!”

पहिल्यांदाच त्यांनी तो शब्द मोठ्याने म्हटला. आम्ही तिघं गाडीच्या काचा बंद आहेत का ते बघायला लागलो.

मेसेज परत घेता येत नाही. स्क्रीनवर नुसतं ‘पेंडिंग’. म्हणजे त्याचा फोन अजून बंद होता. तो चालू झाला की दादाच्या खिशात, कदाचित कुणा ऑफिसरसमोर, टिंग करून वाजणार, आणि तो मी वाजवलेला. मी मनात म्हणत होते, पोच. मग लगेच, नको पोचू. पोच. नको पोचू. एअरपोर्ट येईपर्यंत हेच.

विमान उतरलेलं होतं. मुंबईची फ्लाइट बाहेर यायला लागली की लगेच कळतं. सुतळीने बांधलेले खोके, मार्करने लिहिलेली नावं, आणि ट्रॉलीवर पुढे बसवलेलं एखादं बाळ. आम्ही रेलिंगला चिकटून उभे. आईचे ओठ हलत होते, अथर्वशीर्ष असणार, पण मधेच अडकून ती पुन्हा सुरुवातीला जात होती. गर्दी आली. गर्दी विरळ झाली. मग एकेकटे लोक. मग कोणीच नाही. मग विमानातला स्टाफ, चाकांच्या छोट्या बॅगा ओढत, हसत.

शेवटी एक गुजराती बाई आल्या, दोन मुलं ओढत. आईने त्यांना जवळजवळ पकडलंच. “बहनजी, एक लड़का था क्या? लंबे बाल, गले में हेडफोन?”

“हां हां,” त्या थांबल्या. “उसको साइड में लिया है। कस्टमवाले ने। वो गाने की पेटी थी ना उसके पास।” मग आईचं तोंड बघून म्हणाल्या, “आपका बेटा है?”

आई जमिनीवर बसली. एअरपोर्टच्या चकाचक फरशीवर, चांगल्या साडीत.

बाबा म्हणाले, “सांगितलं होतं मी. डीजे म्हणजे...” आणि पुढचा शब्द त्यांना म्हणवेना.

त्या वेळात मी काय विचार करत होते सांगू? ऐकायला वेडेपणा वाटेल. मी त्या गोडाउनचा विचार करत होते. इतकी वर्षं मला ती मस्त गोष्ट वाटायची, गरीब पोरं, जुनी मशीन्स, धमाल. त्या फरशीवर उभं राहून मला पहिल्यांदा सुचलं की ती पोरं घाबरलेली असणार. बाहेर पोलिस, घरी बाप, नोकरी जायची भीती, कोणी बघितलं तर. म्हणून तर शहरातून इतक्या लांब, जिथे कोणी बघायला येत नाही तिथे जमायची. आणि मला एकदम वाटलं, म्हणूनच डीजे दोन गाण्यांत फट ठेवत नसेल. ठोका थांबला की बाहेरचं सगळं आठवणार. मला तेव्हा कोणीतरी कानात तो ठोका घातला असता तर मी काय वाटेल ते दिलं असतं. पण एअरपोर्टला नुसती ती अनाउन्समेंटची बाई, शांत आवाजात, कुठल्या कुठल्या शहरांची नावं घेत.

दार उघडलं. दादा आला.

एका खांद्यावर पेटी, हातात सूटकेस, हेडफोन गळ्यात. चेहरा खडूसारखा. एकटाच. बरोबर पोलिस नाही. आईने उठून त्याला धरलं आणि हलवलं, मिठी नाही, हलवलं.

“सोडलं तुला? सोडलं? डबा कुठाय? डबा घेतला का त्यांनी?”

दादा खाली बघायला लागला. “आई, सॉरी. ओरडू नको प्लीज. डबा मुंबईलाच राहिला.”

“काय?”

“वजन जास्त झालं. रेकॉर्ड्स जड असतात ना गं. काउंटरवाला म्हणाला एक्स्ट्राचे भर नाहीतर काढ काहीतरी. एक्स्ट्राचे इतके सांगितले की... मग मी डबा काढला. मित्र होता सोडायला, त्याला दिला. मावशीला सांगू नको ना. आय नो, अनारसे होते, तिने दोन दिवस केले, पण गुरुवारी मला... मी तुला नंतर सांगतो गुरुवारचं. तू चिडलीयेस का?”

आई हसत होती का रडत होती मला अजून माहीत नाही. बाबांनी दादाच्या खांद्यावरून रेकॉर्ड्सची पेटी घेतली आणि स्वतःच्या खांद्यावर टाकली. ती खरंच जड होती, बाबा एका बाजूला वाकले.

गाडीत त्याने आतलं सांगितलं. ऑफिसरने एकेक रेकॉर्ड कव्हरमधून काढायला लावली, कव्हर झटकलं, मधल्या भोकातून बघितलं. एका कव्हरवर बाईचा फोटो होता, ती रेकॉर्ड बाजूला ठेवून घेतली. मग विचारलं, “यू डीजे?” दादा म्हणाला, “नो सर, इंजिनीअरिंग.” ऑफिसर म्हणाला, “डीजे, ऑल ड्रग्ज.” दादा सांगताना म्हणाला, “बाबा, आय स्वेअर, सेम टू सेम तुमचं वाक्य.” बाबा हसले नाहीत. मग ऑफिसरने सूटकेस उघडली. सगळे कपडे बाहेर, सगळे खिसे उलटे. बूट काढून आत हात घातला. आणि सूटकेसमध्ये मधोमध एक चौकोनी रिकामी जागा होती, डब्याच्या आकाराची. ऑफिसरने त्या जागेवर बोट ठेवून विचारलं, “हियर? व्हॉट?” दादा म्हणाला, “स्वीट्स, सर. टू हेवी.” ऑफिसर बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “खलास. यल्ला, गो.”

“एवढं काय होतं त्या डब्यात?” दादाने विचारलं.

आईने सांगितलं. दादा खिडकीतून बाहेर बघायला लागला. माझा मेसेज अजून पेंडिंगच होता. त्याचं कार्ड महिने न वापरल्यामुळे केव्हाच बंद पडलेलं होतं.

आता वाटेल संपलं. नाही ना! घरी आल्यावर आईने सूटकेस रिकामी केली आणि एकदम थांबली. म्हणाली, “टॉर्च आण.” अस्तराच्या शिवणीत, जिथे डबा टेकलेला होता, तिथे दाणे. अगदी थोडे. डब्याची टेप कुठूनतरी सुटली असणार. बारीक, पिवळट पांढरे, रव्याहून लहान. ऑफिसरने त्याच शिवणीवरून हात फिरवला असणार.

बाबांनी दार आतून लावलं, कडीही घातली. आई चिकटपट्टीने एकेक दाणा उचलायला लागली आणि मी पट्ट्या फ्लश करत होते. मग व्हॅक्यूम. मग पुन्हा टॉर्च. कोणी बोलत नव्हतं. लिफ्टचा आवाज आला की सगळे दाराकडे बघायचे. शेवटी आई न बघताच दादाला म्हणाली, “लाव ते तुझं.”

“काय?”

“ते गोडाउनचं. लाव. ही शांतता नको वाटतेय मला.”

म्हणजे ती इतकी वर्षं बाहेरून ऐकत होती सगळं! दादाने लावलं. धप धप धप धप. आई गुडघ्यांवर बसून, टॉर्च तोंडात धरून, शिवण तपासत राहिली. मग बाबा व्हॅक्यूमची पिशवी घेऊन खाली गेले, आणि ती आमच्या बिल्डिंगच्या कचराकुंडीत नाही, पार पलीकडच्या गल्लीतल्या कुंडीत टाकून आले. सूटकेस टबात धुतली. ती बाल्कनीत वाळायला ठेवली, पण आईने तिचं तोंड भिंतीकडे केलं.

गुरुवारी बाबांनी स्वतः दादाला हॉटेलवर सोडलं. टॅक्सी नको म्हणाले. मला आत घेणार नव्हते, म्हणून मी आणि बाबा पार्किंगमध्ये गाडीत बसलो. समोर मरीनाच्या अर्धवट टॉवर्सवर क्रेन्स, मागे सूर्य बुडत होता, आणि टेरेसवरून भिंत ओलांडून फक्त खालचा ठोका येत होता. बाबांना नाही आवडलं ते. त्यांनी सांगितलंही, “हे म्युझिक आहे?” पण पोलिसांची गाडी पार्किंगमध्ये वळली तेव्हा त्यांनी माझा हात धरला, आणि ती निघून गेल्यावरही बराच वेळ सोडला नाही.

मावशीचा फोन दिवाळीच्या दिवशी आला.

“काय गं, परवा फोन मधेच कट झाला! अनारसे कसे झाले?”

“फार छान,” आई म्हणाली. “संपलेसुद्धा.”

“इतक्यात? कोणी खाल्ले?”

“पोरांनी.” हे तसं खरंच होतं. मुंबईच्या पोरांनी.

“मग पुढच्या वेळी दुप्पट देते. आणि ती ख...”

“ताई!” आई इतक्या जोरात ओरडली की बाबा किचनमधून धावत आले. मग ती आवाज सांभाळत, एकेक शब्द नीट ठेवत बोलली. “ताई, पुढच्या वेळी काही देऊ नकोस. काहीच नको. बॅगेत जागाच नसते गं. त्याच्या त्या गाण्याच्या तबकड्या असतात ना, फार जड असतात.”

“त्या? अगं, तुला तर त्या आवडत नाहीत!”

आईने आमच्याकडे बघितलं. “आवडतात,” ती म्हणाली.

त्यानंतर दादा जितक्या वेळा आला तितक्या वेळा आईचा आदल्या दिवशी पुण्याला फोन: रेकॉर्ड्स भरल्यास का? सगळ्या? वजन केलंस? वीस किलो पूर्ण झाले? कव्हरवर बाई असेल ती तेवढी ठेवून ये. मावशीला अजूनही वाटतं भाचा गाण्यापायी वेडा झालाय आणि बहीण त्याचे लाड करते. फोनवर खरं सांगता येत नाही आणि पुण्याला प्रत्यक्ष जाणं बाबांच्या सुट्टीवर, म्हणजे इन्शाल्ला.

या दिवाळीला दादाने सांगितलं, “आई, आता रेकॉर्ड्स लागत नाहीत गं, सगळं सीडीवर घेतलंय. एवढीशी पाऊच होते.”

आईचा चेहरा परत त्या दिवशीसारखा झाला, मी बघितला.

“सीडी हलकी असते,” ती म्हणाली. “ते काही नाही. तू तबकड्याच आण.”